इंटरलॉकचा उन्हाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला, की रानात कांद्याच्या पाती पिवळ्या पडून आडव्या होतात आणि माझं डोकं फिरायला लागतं. लोकांना उन्हाळ्यात मोगरा आठवतो, आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला दोऱ्याचं पांढरं रीळ आठवतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. घरातल्यांना आता हे पाठ झालंय. नवरा म्हणतो, "आली का तुझी लहर?" आणि पायात चपला सरकवून बाहेर पडतो. लहर कसली? राग आहे तो. चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात येतो, आणि दर उन्हाळ्यात मी तो भलत्याच कुणावर तरी काढते.

यंदा निमित्त झालं एका मेसेजचं. दुपारची भांडी घासून पदराला हात पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. "नया बैच शुरू हो रहा है. घर बैठे ओवरलॉक सीखिए, बिलकुल आसान." खाली त्याच मॅडमचा फोटो, तीच मान वाकडी करून हसायची सवय. मी फोन पालथा ठेवला. आसान म्हणे. ह्या शब्दाशी माझं जन्माचं वैर आहे.

ओव्हरलॉक म्हणजे आमच्याकडचं इंटरलॉक. दुकानातला कुठलाही शर्ट उलटा करून बघा, शिवणीच्या कडेनं दोऱ्याची दाट वीण घातलेली दिसेल. तेवढ्यासाठी वेगळं मशीन असतं. साध्या मशीनसारखीच सुई, पण तिच्या जोडीला आत दोऱ्याचे फास विणणारे दोन वाकडे लूपर, वर तीन रिळं, आणि बाजूला एक चाकू. शिवणं, कड बांधणं आणि पुढं आलेलं कापड कापणं, अशी तिन्ही कामं ते एका दमात करतं. साध्या मशीनवर चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. ह्याच्यावर दोरे उसवता येतात, पण चाकूनं गेलेलं कापड गेलंच.

तर चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेनं ठरवलं, की आठवड्यातले दोन दिवस पोरांना वेगळा गणवेश. मुलींना निळा फ्रॉक, मुलांना निळी पँट आणि चौकडीचा शर्ट. कापड आणि शिलाई पालकांकडं. आमच्या बचत गटात आम्ही सात जणी. आम्ही अर्ज दिला, की शिलाईचं काम आम्हाला द्या, कशाला एसटीनं शिरूरला हेलपाटे घालताय. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे आप्पा, माझे चुलत सासरे. सोसायटीत त्यांचा शब्द चालतो, पारावर चालतो, घरात तर विचारूच नका. त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचं, ही आमच्या घरची पद्धत. आम्ही नमुना म्हणून शिवलेला फ्रॉक त्यांनी हातात घेतला, उलटा केला, कडेचे सुटलेले दोरे चिमटीत धरले.

"हे घरगुती दिसतंय, सूनबाई. आतनं कंपनीसारखं पायजे. इंटरलॉक करून आणा, मग बघू. न्हाईतर शिरूरचं दुकान हायेच."

मी पदराआडून "बरं" म्हणाले. सात घरांतल्या सात बायकांचं काम त्या एका कडेवर अडलं होतं, आणि त्या सातांत बारावी झालेली आणि मोठा फोन असलेली मी एकटी. शिकणं माझ्या गळ्यात पडलं.

मशीन मिळालं दौंडला. माझं माहेर तिकडचं. भावाच्या ओळखीच्या एका टेलरनं दुकान बंद केलं होतं, त्याचं जुनं मशीन भावानं टेम्पोत घालून आणून दिलं. सोबत ना पुस्तक, ना कागद, ना कुणी दाखवणारा. गावात टेलर नाही. तालुक्याच्या टेलरला विचारलं, तर तो माझ्याकडं न बघता बोलला, "बाई मानसाचं काम न्हाई ते, बोट जाईल." म्हटलं, माझं बोट आहे, मी बघीन. आणि त्या ऑनलाइन क्लासला नाव घातलं.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन. ही वेळ ज्यानं कुणी ठरवली, त्यानं आयुष्यात खरकटं काढलं नसणार. दोन वाजता रानातली माणसं जेवायला येतात. मी भाकरी थापता थापता फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे. एका कानात मॅडम, दुसऱ्या कानात "कालवण वाढ." मॅडम एसीत बसलेल्या, नवंकोरं मशीन, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, आणि आम्ही दोनशे बायका खिडकीतून बघावं तसं बघतोय. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. "देखिए, धागा डाल दिया, अब चलाते हैं." कधी डाल दिया? कुठून डाल दिया? नेमकी दोरा ओवायची वेळ आली, की मॅडमचा हात कॅमेऱ्याच्या आड यायचा. फ्रॉक शिवणं दाखवायला एक तास, आणि ज्याच्यावर सगळं अडलंय तो खालचा लूपर दाखवायला अर्धं मिनिट.

माझ्या मशीनवर दोरा तुटायचा. पाय दाबला की चार टाके पडायचे आणि कट. पुन्हा ओवा, पुन्हा चार टाके, पुन्हा कट. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, घाम हनुवटीवरून कापडावर पडतो, आणि चिमट्यानं त्या लूपरच्या डोळ्यात दोरा घालताना तो दरवेळी निसटतो. तीनही रिळं पांढरी होती, त्यामुळं कुठला दोरा कुठून तुटला तेही कळेना. मग एक लाल आणलं, एक हिरवं आणलं, सुईला पिवळा लावला. तेव्हा कळलं, तुटतोय तो हिरवा. खालचा. अकरा दिवस तुटला. अकराव्या दिवशी मी क्लासचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ अगदी संथ केला, इतका की मॅडमचं बोलणं दारुड्यासारखं ऐकू यायला लागलं, आणि तेव्हा दिसलं. खालच्या लूपरात दोरा घालायच्या आधी मॅडमनी सुईतला दोरा हळूच काढून घेतला होता. आधी वरचा लूपर, मग खालचा, आणि सगळ्यात शेवटी सुई. बस्स, एवढंच. हे तोंडानं सांगायला काय जड झालं होतं? मी एकटीच खोलीत मोठ्यानं शिवी दिली. कुठली ते लिहीत नाही.

मशीन चाललं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण आत चुलीवर पाणी ठेवायला गेले तर सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, शेजारणीला सांगत होत्या, "दिसभर त्या मोबाइलात डोळं घालून बसती. पिच्चर बघती का काय बघती, कुनास ठाऊक." अकरा दिवस मी शिकत होते, आणि घराला दिसत होतं की मी चैन करतेय. हातात वही असती तर म्हणाले असते, अभ्यास करतीय बिचारी. समोर शिकवणारा माणूस उभा असता तर चहा तरी केला असता त्याला. पण फोनमधून शिकणारी बाई म्हणजे रिकामटेकडी बाई. आणि पारावर आठ पुरुष ओळीनं बसून फोनवर बैलगाडा शर्यती बघतात, तिथं कुणाचं तोंड उघडत नाही. मग मी शहाणी झाले. कांदा कापायला रानात गेले की कानात ते छोटं यंत्र घालून वरून पदर घ्यायचे. विळ्यानं पात कापायची, कांदा पाटीत टाकायचा, आणि कानात "टेंशन तीन पर रखिए," म्हणजे दोऱ्याचा ताण. शेजारच्या पाथीतल्या बाया म्हणायच्या, आपली मंगल बघ, गाणी ऐकती. म्हणू देत म्हटलं.

आजसुद्धा कांद्याचा तो उग्र वास नाकात गेला, की मला कुणीतरी टेन्शन तीनवर ठेवायला सांगतंय असं वाटतं.

आता विमलमावशींचं सांगते. इतका वेळ टाळलं. मावशी आमच्या गटात सगळ्यात वयस्क. भीमनगरात त्यांचं घर, शाळेच्या मागच्या अंगाला. पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांचे कपडे शिवले. शाळा दोन इयत्ता, पण कापडाला कात्री लावली की बघत राहावं. गणवेशाचं माप घ्यायचं काम त्यांचंच होतं. सुट्टी लागायच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात पोरं ओळीनं उभी केली, तर मावशींनी टेप गळ्यात अडकवली आणि आधी प्रत्येकाचे पाय बघितले. मला काही कळेना.

"पाय कशाला बघताय, मावशी?"

"पाय आधी वाढत्यात. आंग मागनं येतं. ही बघ, केवढं पाऊल हाय. ही दोन वर्सांत झाडावानी जाती. हिला तीन बोटं ठिवू." आणि दुसरीकडं बघून, "ह्याला दोन बास."

ही बोटं म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. पोरगं वाढलं की आई शिवण उसवते, बाहेरून नवी शिवण घालते आणि तोच फ्रॉक आणखी वर्षभर जातो. मग धाकटीला जातो. इथं एक गणवेश तीन वर्षं आणि दोन भावंडं चालला नाही, तर शिवणारणीला नावं ठेवतात. मावशींचं एक ठरलेलं होतं, "पोरगं वाढतं, कापड वाढत न्हाई." दुकानातले कपडे त्यांना कधी पसंत पडले नाहीत. आत हात घालून बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

दुपारी कधीकधी त्या माझ्याकडं यायच्या, क्लास बघायला. हिंदी फारसं कळायचं नाही, म्हणून मॅडमच्या हातांकडंच डोळे. एकदा म्हणाल्या, "ही बाई हात लपवती गं." अकरा दिवस जे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते ह्यांना एका बैठकीत दिसलं. आणि एकदा, मॅडम चाकूचं कौतुक करत होत्या, "एक्स्ट्रा कपड़ा मशीन खुद काट देगी, आपको कुछ नहीं करना है," तेव्हा मावशी पुढं सरकल्या. "मंगल, तिला इचार की, मग माया कुठं ठिवायची?"

शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांची असायची. कुणीही लिहावं, मॅडम उत्तर देत. कुणी सुईचा नंबर विचारायची, कुणी नेटचं कापड कसं धरायचं ते. मी टाइप केलं, "कपड़ा अंदर ज़्यादा रखना हो तो," आणि पुसलं. लाज वाटली. दोनशे बायका बघणार, म्हणणार, ही कोण खेडवळ, पोरांचे कपडे उसवून वापरणारी. मॅडमवर मी चार वर्षं दात खातेय, पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. हे लिहितानासुद्धा मला घाम फुटतो.

मेच्या शेवटी कापडं आली. मावशींनी दोन दिवसांत बेचाळीस फ्रॉक कापले, कुणाला दोन बोटं, कुणाला तीन, खडूनं शिवणीची रेघ मारून. मी मशीनवर बसले. रेघ सुईखाली धरायची आणि पाय दाबायचा. खर्रकन मशीन पळायचं. आतून अशी सुरेख वीण पडायची, की वाटायचं आपणच कंपनी. चाकूपाशी निळ्या पट्ट्या सुटून खाली पडत होत्या, लांबच लांब, दोन बोटं रुंद, तीन बोटं रुंद. सहा-सात फ्रॉक झाले असतील, तेव्हा मावशी वाकल्या, एक पट्टी उचलली.

"आगं मंगल, माया जाती की सगळी."

आणि मी मशीन न थांबवता म्हणाले, "मावशी, आता अशीच पद्धत असते. कंपनीत कुणी माया ठेवत नाही. तुम्हाला नाही कळायचं ते."

तुम्हाला नाही कळायचं. टेलर मला हेच म्हणाला होता, आत्या हेच म्हणत होत्या, मॅडमच्या त्या आसानमध्ये दुसरं काय होतं? आणि पहिली संधी मिळाल्याबरोबर मी ते उचललं आणि माझ्यापेक्षा जास्त कळणाऱ्या बाईच्या तोंडावर मारलं.  मावशींनी पट्टी गुंडाळून ठेवली आणि पुढच्या फ्रॉकचे तुकडे माझ्यापुढं सरकवले. शिकलेली पोरगी आहे, फोनमध्ये बघितलंय, असेल बाई नवी रीत, असं त्यांच्या मनात आलं असणार.

आप्पांनी फ्रॉक उलटा केला, वीण बघितली आणि मान डोलावली. "आता कसं." शाळेच्या ग्रुपवर फोटो आले. गटाचं नाव झालं, आत्यांनीसुद्धा शेजारणीला फ्रॉक उलटा करून दाखवला. जूनमध्ये पोरं निळी-निळी होऊन शाळेत गेली, आणि मी दारात उभी राहून बघत राहिले. तो आनंद खरा होता. म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

सव्वीस जानेवारीला कवायत होती. शिट्टी वाजली, पोरांनी हात वर केले, आणि पाचवी-सहावीच्या मुलींचे फ्रॉक गुडघ्यांच्या वर गेले. काखेत ताण पडून एकीची शिवण टर्रकन गेली. ती पोर हात खाली घेईना की वर ठेवेना, अर्धे धरून उभी राहिली, आणि बाकीची पोरं खिदळली. त्या आठवड्यात आया माझ्याकडं यायला लागल्या. "मंगलबाई, जरा उसवून द्या, बाजूनं वाढवा." मी फ्रॉक उलटा करायचे. आत वीण, आणि विणीच्या पलीकडं काही नाही. वाढवू कशातून? "बघते, ठेवून जा," म्हणायचे. एका आईनं फ्रॉक परत उचलला आणि म्हणाली, "पुढच्या साली धाकटीला घालनार व्हते वो मी. आता?" 

फेब्रुवारीत पालकसभा झाली. मी बसलेच होते. आया कलकल करायला लागल्या, की वर्ष व्हायच्या आत कपडे तोकडे झाले. आप्पांनी हात वर केला.

"मापच चुकलं असणार. माप कुनी घेतलं व्हतं?"

कुणीतरी म्हणालं, "विमलनं."

"मग काय. वय झालं की नजर राहत न्हाई. पुढल्या टायमाला दुसरं कुनी घेईल माप." आणि ते पुढच्या विषयाकडं वळले.

चोर सोडून संन्याशाला फाशी. सभेत सगळ्यांना ते पटलं, किती सहज पटलं. आमच्या भावकीतल्या सुनेचं काही चुकलं असेल, हे कुणाच्या मनालाही शिवलं नाही. भीमनगरातल्या म्हातारीचं चुकलं, हे मात्र विचारायच्या आधीच ठरलं. मावशी उठल्या, एवढंच म्हणाल्या, "व्हय, माप म्याच घेतलं," आणि खाली बसल्या. बसताना एकदा माझ्याकडं बघितलं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. डोक्यावर पदर होता, समोर सासरे होते, बोलायची पद्धत नव्हती. पद्धत. पुढच्या वर्षीचं काम जाईल ही भीती होती, आणि माझं नाव जाईल ही त्याहून मोठी. पद्धतीच्या आड लपायला किती सोपं जातं. खरोखर आसान.

मावशी गटात यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, निरोप नाही. मी बोलवायला गेले नाही आणि त्या आल्या नाहीत.

त्याच मार्चमध्ये एका दुपारी मी चिंध्या घेऊन बसले आणि मला उत्तर सापडलं. कापलेल्या प्रत्येक तुकड्याची नुसती कड आधी इंटरलॉक करायची, चाकूला धागाभरच लागू द्यायचं, आणि मग दोन बोटं आत साधी शिवण घालायची. माया तशीच राहते आणि कडही कंपनीसारखी दिसते. एक दुपार लागली. मावशी शेजारी असत्या, तर दुपारही लागली नसती, कारण त्या विचारतच होत्या. त्या वर्षापासून मी असंच शिवते. गावाला वाटतं, मंगलचा हात सुधारला. आया म्हणतात, विमल गटातनं गेली आणि कपडे टिकायला लागले. हे वाक्य मी तीन वर्षं ऐकतेय, आणि प्रत्येक वेळी कुणावर तरी ओरडते. नवऱ्यावर, पोरांवर, वीज गेली तर विजेवर. परवा त्या मेसेजवर.

मेसेज आला त्या संध्याकाळी मी भीमनगरात गेले. मावशी ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. बोटं काळी झालेली, समोर चिंचोक्यांचा ढीग. मी शेजारी बसले, दोन चिंचा हातात घेतल्या आणि सगळं बोलून टाकलं. की मावशी, माप तुमचं बरोबर होतं. माया मी कापली. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. सभेत मी गप्प बसले. यंदा माप घ्यायला तुम्हीच या.

मावशी चिंच फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला काय सांगती? मला म्हाईत न्हाई व्हय? मी तिथंच बसले व्हते, पट्टी माज्याच हातात व्हती."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं तर चुकलं. मानूस चुकतंय. पर जिथं माझं नाव निघालं, तिथं तुझं काढ. हितं ओट्यावर कोन ऐकतंय, ह्या चिंचा?"

मला राग आला. खरं सांगते, त्यांचाच राग आला. मी आले, बोलले, डोळ्यात पाणी आणलं, आणखी काय पाहिजे ह्यांना? रस्त्यानं तणतणत घरी आले. पण चूल पेटवता पेटवता कळलं, की हा तोच चार वर्षांचा राग आहे आणि ह्याला जायला दुसरी जागाच नाही.

निकालाच्या दिवशी सभा होती. वर्गात पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका. पंखा नुसता घरघरत होता. दाराजवळ भीमनगरातल्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यात मावशी, नातवाचा निकाल घ्यायला आलेल्या. आप्पा म्हणाले, "गणवेशाचं काम यंदाबी आमच्या सूनबाईंच्या गटाकडंच राहील. कुनाची हरकत?" कुणाची हरकत नव्हती. मी उठले. पदर डोक्यावर होता तसाच होता.

"माझी आहे," मी म्हणाले. "आधी एक ऐका. चार वर्षांपूर्वीचे फ्रॉक तोकडे झाले, ते माप चुकून नाही. माप विमलमावशींनी बरोबर घेतलं होतं. दोन बोटं, तीन बोटं माया ठेवली होती. ती मी मशीनवर कापून टाकली. त्यांनी मला थांबवलं होतं, आणि मी त्यांनाच तुम्हाला कळत नाही म्हणाले."

 आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या टेबलाकडं बघून बोलले, "बसा, सूनबाई. झालं गेलं. चार वर्सांचं आता कशाला उकरताय? अशानं काम शिरूरला जाईल."

जाईल. गटातल्या बाकीच्या पाच जणी माझ्याकडं बघत होत्या, त्यांच्या घरची चूलही त्या कामावर होती, आणि हे मला कळत होतं. तेवढ्यात दाराजवळच्या बायांमधून कुणीतरी विचारलं, "काय म्हनली ती? हिकडं ऐकू न्हाई आलं."

मी डोक्यावरचा पदर मागं सारला, दाराकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.